अब्ला आजीचे केस

अकोफाचं केसांचं दुकान आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यामध्ये एकच फळकुटांची भिंत होती. तिला हात जाईल एवढी फट होती. त्या फटीतून आम्ही मीठ, सुई, मिरच्या आणि गावभरच्या बातम्या एकमेकींना द्यायचो. तिच्या दुकानाला निळा रंग होता आणि दारावर पाटी होती, ‘देव चांगला आहे ब्यूटी सलून’. मी तिला चिडवायचे, “देव चांगला आहे हे कळलं गं, पण वेण्या कशा घालतेस ते लिही ना!” ती म्हणायची, “ते गिऱ्हाईक डोक्यावर घेऊन हिंडतंच की.”

अग्बेलेफेसारख्या धुळीच्या गावात अकोफा दिवसभर नुकतीच न्हाल्यासारखी दिसायची. त्यात जादू काही नव्हती. पहाटे उठून ती दातवण चावत अंगण झाडायची, मग काळा साबण आणि जाळीचा घासणा घेऊन टाचांपासून कानामागपर्यंत अंग घासायची. ओल्या अंगावरच शियाच्या बियांचं घट्ट लोणी चोळायची. कोपर, गुडघे, टाचा, काही म्हणून सोडायची नाही. गळ्याला थोडी पांढरी पावडर आणि कोळशाच्या इस्त्रीनं कडक केलेला झगा, की झाली तयारी. शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या झाडाखाली ती मुलींना हेच शिकवायची. पण तिचं शिकवणं कधी लोण्यावर थांबत नसे. “ओठ फुटले तर लोणी लावा, कुणाचं मन फोडलंत तर जाऊन माफी मागा. दोन्ही त्याच दिवशी. उद्यावर टाकलं की भेग वाढते.” मुली तिला दावी, म्हणजे ताई, म्हणायच्या आणि खिदळायच्या. एकीनं विचारलं होतं, “दावी, माझी आत्या सकाळपासून शिव्या देत सुटते, तिला किती डबे लोणी लागेल?” अकोफा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “तिच्या तोंडाला नको, तुझ्या कानाला लाव. घसरून जातील.”

तिचा नवरा कोजो लाकडं भरलेला ट्रक घेऊन आक्राला जायचा, महिन्याचे बरेच दिवस रस्त्यावरच. घरात अकोफा, धाकटा दीर सेन्यो आणि मुलगी यायरा. यायरा दुसरीत होती. सेन्योचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे सगळा जीव पुतणीवर. तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत न्यायचा, आणायचा आणि तिच्या वर्गात कोण पोरगा तिला चिमटे काढतो ते लक्षात ठेवून त्याच्याकडे डोळे वटारून बघायचा.

पावसाच्या शेवटी यायराला ताप आला. असा ताप आमच्याकडे घरोघरी येतो, त्याला कोणी फार भीत नाही. संध्याकाळी अकोफाच्या लक्षात आलं, रात्री पोर बरळायला लागली, सकाळी व्हॅनमध्ये घालून ‘हो’ नावाच्या शहरातल्या दवाखान्यात नेत असताना वाटेतच संपली.

त्यानंतर अकोफा काळ्या कापडात स्वतःला गुंडाळून दुकानाच्या पायरीवर बसून असायची. अंगाला लोणी नाही, गळ्याला पावडर नाही. कातडी राखेसारखी झाली. मीच एके दिवशी तेल घेतलं आणि तिच्या कोपरांना चोळलं. घासायला टाकलेलं भांडं असावं तशी ती हात देऊन बसली.

याच दिवसांत चुलीपाशी बसल्या बसल्या ती सेन्योला म्हणाली, “शेवटचं पोटात गेलं ते अब्ला आजीच्या हातचं काक्लो.”

एवढंच. किसलेला कसाव्याचा कंद आणि खोबरं तळून केलेली काक्लो अब्ला आजी शाळेच्या वाटेवर विकायची, आणि आम्ही सगळ्यांनी लहानपणी ती खाल्ली होती. पण सेन्यो उठून गेला तो थेट बसथांब्यामागच्या नव्या प्रार्थनाघरात. तिथं एक संदेष्टा आला होता. पांढरे बूट घालायचा आणि डोळे मिटून लोकांचे शत्रू सांगायचा. त्यानं डोळे मिटले आणि सांगितलं, “पांढऱ्या डोक्याची एकटी बाई. पोरांना खाऊ घालते आणि पोरांना खाते.”

नाव घेतलं नाही त्यानं. घ्यायची गरज काय होती? अब्ला आजीला मूलबाळ नव्हतं. नवरा कधीच गेला होता. एकटी राहायची, स्वतःशी बोलायची आणि तोंडाची फटकळ. गावातल्या अर्ध्या लोकांना तिनं कधी ना कधी फटकारलं होतं. आठवड्याभरात तिच्या टोपलीतली काक्लो तशीच परत जायला लागली. बाया पोरांना अंगावरच्या कापडाआड घेऊन रस्ता ओलांडायच्या. कुणीतरी तिच्या दारात राख टाकली.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले होते. आधी कुत्री भुंकली, मग बाजार एकदम गप्प झाला. मी बाहेर आले तर रस्त्यानं माणसांचा लोंढा येत होता आणि पुढं सेन्यो. त्यानं अब्ला आजीचा दंड धरला होता. ती अनवाणी होती. अंगावरचं कापड एका बाजूनं सुटलेलं, तिनं ते एका हातानं छातीशी धरलेलं. डोक्याचा रुमाल गेला होता. तिचं डोकं उघडं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. विरळ, पांढरे, धुळीनं माखलेले केस, आणि कानाजवळ रक्त.

लोंढा अकोफाच्या दुकानापुढं थांबला. अकोफा पायरीवरच बसली होती.

“वहिनी,” सेन्यो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “हिची ताकद हिच्या केसांत आहे. पोर गेलेल्या आईच्या हातानं ते उतरले की सुटलो. मग हिला नदीपार घालवू.” त्यानं घडीचा वस्तरा अकोफाच्या हातात ठेवला. “मी स्वतः धार लावलीय.”

नदीपार घालवू म्हणाला खरं, पण मागं एका माणसाच्या हातात रॉकेलचा डबा होता. मी तो पाहिला. अब्ला आजीनंही पाहिला होता, कारण ती दुसरीकडे कुठं बघतच नव्हती.

अकोफा वस्तऱ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. पुष्कळ दिवसांनी तिनंच मला सांगितलं, “एसी, तेव्हा मला कापायचेच होते गं. नुसते केस नव्हे.”

ती उठली. “रस्त्यात नाही. केसाचं काम मी खुर्चीत करते. आत आणा तिला.”

“वहिनी, इथंच होऊ दे, सगळ्यांसमोर—”

“दुकान कुणाचं आहे, सेन्यो?”

त्यानं म्हातारीला आत ढकललं. अकोफानं दाराचा पडदा ओढला आणि मला हाक मारली, “एसिनाम, पाणी तापव.”

पाणी कशाला हे मला कळलं नाही, पण मी मागच्या बाजूनं शिरले. आधी कुंपणावरून वाकून मक्याचे गोळे विकणाऱ्या बाईला म्हटलं, “जी गाडी मिळेल ती पकड आणि आपल्या चर्चच्या पाळक अग्बेकोंना घेऊन ये. कुठं असतील तिथून.” ती टोपली तशीच टाकून पळाली.

आत अब्ला आजी खुर्चीत बसली होती. तिच्या अंगाखाली खुर्ची कटकट वाजत होती. बाहेर गाणं सुरू झालं होतं. देवाचंच गाणं, पण टाळ्या अशा पडत होत्या की अंगावर काटा यावा.

“एकदम कापून टाक,” म्हातारी म्हणाली. “हळूहळू नको करूस.”

वस्तरा एका हातात, दुसरा हात अकोफानं त्या केसांवर ठेवला आणि धुळीत बोटं अडकली. तिनं बोटांकडे पाहिलं, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मळक्या केसांवर वस्तरा चालत नाही,” आणि वस्तरा आरशापाशी ठेवला. मी पाणी दिलं. ती केस धुवायला लागली. मला वाटतं, तोवर तिनं काही ठरवलेलं नव्हतं. डोकं समोर आलं की आधी धुवायचं, हे हातांना माहीत होतं, हात आपलं काम करत होते. काळ्या साबणाचा फेस आला. तो आधी मातकट होता, मग जरा लालसर झाला.

“डोळे मीट आजी, साबण जाईल.”

अब्ला आजीनं डोळे मिटले. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज आणि बाहेरच्या टाळ्या. मग अकोफानं विचारलं, “काय घातलंस तिला?”

“काक्लो.”

“आणखी?”

“आणखी काय असणार? कसावा, खोबरं, मीठ. एक तिनं खाल्लं, एक मी खाल्लं. दुसरं तिनं अर्धं टाकलं.” म्हातारीनं डोळे उघडले नाहीत. “ती कधी टाकायची नाही. म्हणून मी कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं. म्हटलं, घरी जा, आईला सांग. तर म्हणाली, आईकडे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक असलं की आत यायचं नाही.”

अकोफाचे हात थांबले.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक मलाही आठवत होतं. लग्नाची नवरी होती, बारीक वेण्यांचं दिवसभराचं काम. यायरा दुपारभर माझ्या दुकानाच्या सावलीत चिंध्यांवर झोपून होती. मला वाटलं, उन्हानं दमली असेल.

अकोफानं हात पुसले. ती आरशापाशी गेली, वस्तरा उचलला आणि उघडला. पातं चमकलं. म्हातारी तशीच डोळे मिटून, मान पुढं करून बसलेली. अकोफा आरशात स्वतःकडे बघत होती, आणि म्हातारीपेक्षा मला आता तिच्याच जिवाची भीती वाटत होती.

“झालं का?” बाहेरून सेन्यो ओरडला.

“अजून नाही,” ती म्हणाली.

तिनं वस्तरा मिटून परत तिथंच ठेवला. खाली वाकून फळीवरून शियाच्या लोण्याचा डबा काढला. पोर गेल्यापासून त्याचं झाकण उघडलं नव्हतं. घट्ट बसलं होतं, मला चमच्यानं उचकटावं लागलं. तिनं थोडं लोणी तळहातावर चोळून पातळ केलं आणि म्हातारीच्या कानाजवळच्या जखमेपासून सुरुवात केली. मग टाळू, मग मानेमागचा भाग. फणीच्या टोकानं भांग पाडला आणि डोक्याला चिकटून पहिली वेणी घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीवरून टपटप पडत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते.

अब्ला आजीनं डोळे उघडले. आरशात पाहिलं. तिला काही कळेना. “हे काय करतेस?”

“हलू नकोस. भांग वाकडा जाईल.”

विरळ केसांच्या वेण्या घालणं सोपं नसतं. बोटांतून निसटतात, पुनःपुन्हा धराव्या लागतात. बाहेरचं गाणं एकदा संपलं, पुन्हा सुरू झालं, मग त्यात बोलणं मिसळलं. ऊन वर आलं होतं. कुणी म्हणत होतं, बाजार चुकला. कुणी म्हणत होतं, आत दोघी मेल्या की काय बघा. तो डबेवाला मोठमोठ्यानं म्हणाला, “बाईमाणसावर कशाला सोडलं? दार तोडा.”

पडदा फाडकन बाजूला झाला. सेन्यो दारात उभा होता. त्यानं म्हातारीचं डोकं पाहिलं. अर्ध्यावर नीट बारीक वेण्या, तेलानं चमकणाऱ्या, आणि अर्धे केस मोकळे.

“तू तिच्या वेण्या घालतेस?” त्याचा आवाज चिरकला. “यायराला मातीत घातलं आणि तू हिच्या वेण्या घालतेस?”

“अर्ध्यावर सोडता येत नाही. थांब.”

त्यानं आरशापाशी झेप घेतली आणि वस्तरा उचलून उघडला. मी मध्ये गेले, त्यानं मला बाजूला सारलं. तेव्हा अकोफा म्हातारीच्या पुढं येऊन उभी राहिली, इतकी जवळ की वस्तऱ्याचं पातं तिच्या काळ्या कापडाला टेकलं.

“सेन्यो, तिला ताप दुपारीच होता.”

“काय?”

“दुपारीच. आजीनं ओळखला. आईला सांग म्हणाली. पोर दारापर्यंत आली असेल आणि परत गेली असेल, कारण आई वेण्या घालत होती. मी तिला तशी सवय लावली होती.” ती हळूच बोलत होती, पण बाहेरचे लोक गप्प झाले होते, त्यामुळे सगळं ऐकू जात होतं. “शेवटचं काक्लो आजीच्या हातचं, हे मीच तुला सांगितलं. तिच्यावर टाकलं की माझ्यावरचं जरा हलकं व्हायचं. म्हणून सांगितलं.”

ती त्याला ओलांडून बाहेर पायरीवर गेली. गिऱ्हाइकांचं बुटकं स्टूल पायानं ओढलं आणि भर उन्हात, सगळ्यांसमोर बसली. डोक्याचा काळा रुमाल सोडला.

“ये. पोर कुणामुळं गेली त्याचे केस उतरवायचे आहेत ना? माझे उतरव. आणि मग जो डबा घेऊन उभा आहे त्याला म्हणावं, पुढं ये.”

कोणी हललं नाही. मागून एक आवाज आला, “हिलाही धरलंय तिनं! हीही तसलीच!” आणि एक दगड आला. तो पाटीला लागून खाली पडला. दुसरा दगड कुणी उचललाय का ते बघत मी उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी प्रकरण कुठंही जाऊ शकलं असतं. एखादा अजून ओरडला असता तर संपलं होतं.

सेन्यो वस्तरा घेऊन तिच्या मागं उभा होता. अकोफानं मान खाली घातली होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जसा न्हावी ठेवतो तसा. मग तो तिच्या मागं धुळीत बसला, तिच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि ओरडून रडायला लागला, “मी सायकलवर आणलं नाही तिला त्या दिवशी. मी मॅच बघायला गेलो होतो. चालत आली ती. उन्हातनं चालत आली.”

अकोफानं मागं हात नेऊन त्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला.

त्याच वेळी गर्दीत गडबड झाली. डबेवाल्याची बायको बाजारातून आली होती. तिनं नवऱ्याच्या हातातून रॉकेल हिसकावलं. “घरात दिव्यात टाकायला थेंब नाही, आणि हा इथं घेऊन आलाय देवाचं काम करायला! चल घरी!” कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी हसलं. एकदा माणसं हसली की त्यांना पुन्हा तसं उभं राहता येत नाही. कडेचे पहिल्यांदा सरकले, बाजार आठवला त्यांना. संदेष्टा कधी निघून गेला ते मी पाहिलं नाही. पाळक अग्बेको घामाघूम होऊन व्हॅनमधून उतरले तेव्हा रस्त्यावर चपला, एक फाटकी टोपी आणि दोन बकऱ्या एवढंच उरलं होतं. ते आत गेले तर अकोफा उरलेल्या अर्ध्या डोक्याच्या वेण्या घालत होती.

“बसा,” ती म्हणाली. “एवढ्यात होईल.”

गोष्टीत असतं तसं सगळं काही नीट झालं नाही. संदेष्ट्यानं पुढच्या रविवारी सांगितलं की अकोफाच्या हातांत आता म्हातारीची ताकद उतरलीय. निम्मी गिऱ्हाइकं गेली. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायासुद्धा तिच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून गटारावरून उडी मारून यायच्या. शनिवारी झाडाखाली ती एकटीच जाऊन बसायची. मी जायचे सोबतीला, पण मी म्हणजे काही मुलगी नव्हे. “शिकव मला,” म्हटलं मी. तिनं माझ्या टाचा बघितल्या आणि म्हणाली, “तुला उशीर झालाय गं.” कित्येक दिवसांनी ती काहीतरी हसण्यासारखं बोलली होती.

कोजो परत आला तेव्हा त्याला सगळं कळलं. तो दोन दिवस बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ट्रकमधून फळ्या आणल्या आणि घरामागच्या कोठीला खिडकी बसवली. अब्ला आजीचं घर कुणीतरी जाळलं होतं, ते कुणाचं काम हे आजवर कळलं नाही. ती या कोठीत राहायला आली. आली ती तक्रार घेऊनच. “वेण्या फार घट्ट घातल्यास. माझे डोळे कानाकडे ओढलेत बघ.” अकोफानं गपचूप सोडून पुन्हा सैल घातल्या. मी म्हटलं, “बाईला आभार मानायला काय होतं?” अकोफा म्हणाली, “मी तिची माफी अजून मागितली नाही एसी. कशी मागू तेच कळत नाही.” तिनं कधी मागितली का, ते मला ठाऊक नाही. रोज सकाळी मात्र स्वतःचं अंग घासून झालं की ती दुसरी बादली भरायची आणि कोठीत जायची. आतून म्हातारीची कुरकुर ऐकू यायची. पाणी थंड आहे, घासणा खरखरीत आहे, लोणी जुनं आहे.

नवीन वर्षात एक आई आपल्या मुलीला घेऊन शनिवारी झाडाखाली आली. मग हळूहळू आणखी आल्या. सगळ्या नाहीत.

सेन्यो मात्र गावात थांबला नाही. त्या दिवसानंतर तो भावजयीच्या नजरेला नजर देत नव्हता. क्पांडो गावी मासेमारीच्या होड्यांवर काम धरलं आणि तिकडंच राहिला. ईस्टरला आला, तेव्हा आम्ही सगळे अकोफाच्या अंगणात जेवायला बसलो होतो. मोठ्या भांड्यात मक्याच्या पिठाचं अकप्ले आणि मासळीचा रस्सा होता. तो आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आला होता. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. पण दारापर्यंत आला आणि तिथंच खिळला, कारण अब्ला आजी चटईवर अगदी समोर बसली होती. कोजोनं घास हातातच धरला. अकोफा उठायला लागली, पण उठली नाही.

अब्ला आजीनं काट्यातली मासळी सोडवत वर बघितलं.

“आत यायचं तर ये, जायचं तर जा,” ती म्हणाली. “दारात उभा राहून वारा अडवू नकोस.”

सेन्यो आत आला आणि चटईच्या कडेला बसला. अकोफानं हात धुवायचं पाणी त्याच्यापुढं सरकवलं.